तबकडी कुणी खाल्ली?

ती केस आठवली की आजही जेवताना मला हसू फुटतं आणि घास अडकतो. मग बायको पाठीत थापट्या मारते आणि म्हणते, "आली वाटतं तुमची तबकडी." उभी हयात पोलीस खात्यात गेली. खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि लोकांना माझ्याकडून तेच ऐकायचं असतं. मी मात्र हीच केस सांगतो. नावं सांगणार नाही, कारण सगळी मंडळी अजून हिंडतीफिरती आहेत.

सोलापुरात एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून चहाचा कप तोंडाला लावतोय तोच ठाणे अंमलदारानं एक तक्रारदार आत पाठवला. मुंबईचा माणूस, शर्टाला कडक इस्त्री. त्याच्या कंपनीनं म्हणे मुलांसाठी राक्षसाएवढ्या रोबोंचा कार्टून चित्रपट काढला होता. सोलापुरातल्या कुणीतरी तो चोरला, त्याला मराठी आवाज दिले आणि आपला म्हणून इंटरनेटवर टाकला. वैरागच्या बाजारात तंबू ठोकून तिकीट लावूनसुद्धा दाखवला.

"आजच्या आज अटक करा, कॉम्प्युटर जप्त करा," तो म्हणाला. मला कुणी माझं काम शिकवलं की माझं डोकं सणकतं. पण अर्ज हातात होता, चौकशी करणं भाग होतं. स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि बीट हवालदारांना कामाला लावलं.

शनिवारी दुपारी एका चहावाल्याचा फोन आला. हा आमचा जुना खबऱ्या. "साहेब, शुक्रवार पेठेत एक घर हाय. वरच्या मजल्यावर म्हातारी रोज दुपारी वरडती, 'पृथ्वी माजी हाय, समद्यांना भस्म करीन!' शेजारी म्हनत्यात सून छळती. पर त्या घरात सूनच न्हाय की!"

पृथ्वी भस्म करायला निघालेला रोबो तक्रारीतल्या चित्रपटात होताच, म्हणून मी हवालदार बाईंना घेऊन गेलो. दार एका तरुणानं उघडलं. लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग करणारा, किडकिडीत पोरगा. आत त्याची आई तोंडापुढं स्टीलचा तांब्या धरून बसली होती. आवाज घुमावा म्हणून. चित्रपटातला खलनायक रोबो म्हणजे ही माउली!

पोरगं पहिल्या प्रश्नालाच गळालं. "साहेब, रोबो माजे न्हाईत. जुन्या परदेशी कार्टूनचे तुकडे हायत. एकाचं डोकं, दुसऱ्याचं धड. लाल होता त्याला निळा केला, डावीकडनं पळत होता त्याला उजवीकडनं पळवला."

"म्हणजे चोरी कबूल?"

"रोबोंची कबूल. पर त्या मानसाचा पिक्चर मी बगितला बी न्हाय."

आई मध्ये पडली. तांब्या अजून हातातच होता. "साहेब, उद्या आइतवार. अक्कलकोटची मानसं पोराला बगायला येनारेत. पोरगी त्याला लई पसंत हाय. दारात तुमची जीप दिसली तर ती मानसं उंबऱ्यावरनंच माघारी जातील. तुमी म्हनाल तितं येतो, पर कॉम्प्युटर नका नेऊ. त्याच्याशिवाय पोर काय दावनार त्यांना, की मी हे काम करतो म्हनून?"

तिचं म्हणणं मला पटत होतं, खोटं कशाला बोलू? पण कबुली हातात आल्यावर तपास अधिकाऱ्याला पाय मागं घेता येत नाही. कॉम्प्युटर तिथंच ठेवला आणि दोघांना आमच्यासोबत चालत ठाण्यात आणलं. जीप आधीच कोपऱ्यावर उभी केली होती.

ठाण्यात मी तक्रारदारालाही बोलावून घेतलं आणि दोन्ही चित्रपट लावायला सांगितले. आधी पोराचा, मग तक्रारदाराचा. बघता बघता अर्धं ठाणं माझ्या खोलीत जमलं. दोन्हीकडं तेच रोबो, तीच मारामारी. एकच रॉकेट पुन्हा पुन्हा उडत होतं. तक्रारदाराच्या चित्रपटात आवाज तेवढे हिंदी होते. माझ्या मते केस संपली होती. मी पंचांना बोलवायला सांगणार, तेवढ्यात मागून हवालदार बाई फिसकन हसल्या.

"साहेब, ती उडती तबकडी बघा. ती कडक भाकरी हाय!"

मी चष्मा पुसला. पडद्यावर रोबोंचा सरदार ज्या तबकडीतून पृथ्वीवर येतो ती गोल, पातळ, करड्या रंगाची, आणि पृष्ठभागावर तव्याचे डाग. खाली जो परग्रह होता, त्याचे डोंगर चौकटी-चौकटीचे होते. सोलापुरात वाढलेल्या माणसाला ती चादर ओळखायला कितीसा वेळ लागणार? आणि हे सगळं, पोराच्या चित्रपटात होतं तसंच, मुंबईच्या तक्रारदाराच्या चित्रपटात चाललं होतं!

पण नुसतं हसून भागत नाही. तो म्हणाला असता, माझी भाकरी यानं चोरली. मग मी पुन्हा नीट पाहिलं, आणि एक गोष्ट लक्षात आली. दर प्रसंगात तबकडी थोडी लहान होत होती. आधी कडेचा तुकडा गेला, मग मोठा लचका, शेवटच्या लढाईला जेमतेम अर्धी उरली.

आमच्या धंद्यात साधा नियम आहे. दोघांना वेगवेगळं बसवायचं आणि एकच प्रश्न विचारायचा.

तक्रारदाराला विचारलं, "तबकडी लहान का होत जाते हो?"

तो घोटाळला नाही. "उल्कांचा मारा होतो ना, त्याचं नुकसान. आमच्या कलाकारांनी कॉम्प्युटरवर फार बारकाईनं केलंय ते."

मग पोराला विचारलं. त्याचे कान लाल झाले. मान खाली घालून म्हणाला, "साहेब, शूटिंग करताना भूक लागली. शेजारी शेंगाचटणी होती."

खोली हादरली इतके सगळे हसले. मी टेबलावर हात आपटून गप्प केलं, पण माझंच पोट दुखत होतं. "पुरावा आहे का?" मी विचारलं. त्यानं मोबाइल काढला. मूळ शूटिंग त्यात तसंच होतं, न कापलेलं. दोऱ्याला बांधलेली भाकरी चादरीवरून उडते आहे, पोराचा हात येतो, कट्‌दिशी तुकडा मोडतो. लगेच हिरव्या बांगड्यांचा दुसरा हात येतो, पहिल्या हातावर फटका बसतो, आणि आईचा कानडी आवाज, "तिन्नब्याडो!" म्हणजे खाऊ नको रे.

ते चित्रण तक्रारदारापुढं ठेवलं. त्याच्या शर्टाची इस्त्री तेवढी शाबूत राहिली, बाकी सगळा उतरला. पोराचा चित्रपट उचलून त्यानं हिंदी आवाज चढवले होते, आणि आपली चोरी उघडी पडू नये म्हणून आधी स्वतःच बोंब मारली होती. मूळ रोबोंचे हक्काचे कागद मागितले, तर तेही नव्हते. पोराला म्हणालो, "आता तू दे तक्रार."

"राहू द्या साहेब," तो म्हणाला. "कुठल्या तोंडानं देऊ? रोबो माजे बी न्हाईत."

हे उत्तर मला आवडलं. तक्रारदारानं अर्ज लेखी मागं घेतला आणि चित्रपट उतरवण्याची हमी दिली. पोरालाही मी चांगलं खडसावलं. "उसने रोबो आजच काढून टाक. अख्ख्या पिक्चरमध्ये तुझी स्वतःची काय ती भाकरी आणि चादर, आणि तीच तुला वाचवायला आली."

रविवारी सकाळी मी ठाण्यात असताना एक पोक्त गृहस्थ आले, सोबत त्यांची मुलगी. अक्कलकोटचेच. गावात बातमी लपते होय! "साहेब, पोराला काल हितं आनलं होतं म्हनं. पोरगी द्यायची हाय. कसा हाय पोरगा?"

खात्यात कित्येक चारित्र्य पडताळण्या केल्या, पण इतकी जड कधी वाटली नव्हती. आधी चोरीचं सांगितलं, लपवलं नाही. मग भाकरीचं सांगितलं. शेवटी म्हणालो, "मुलगा खरा आहे. फक्त भूक लागली की हाताला आवर नाही."

बापानं मुलीकडं पाहिलं. ती इतका वेळ पदर तोंडाला लावून हसत होती. म्हणाली, "अप्पा, चला की. तिकडं वाट बगत असतील."

या केसनं मला एक शिकवलं. चोरीच्या मालात सगळं चोरीचं नसतं. एखादा कोपरा त्या माणसाचा स्वतःचा असतो, आणि माणूस ओळखायचा तर तो कोपरा बघावा. पुढं किती जबाब घेतले, पण हे विसरलो नाही.

लग्नाला मी सहकुटुंब गेलो होतो. मागच्या वर्षी त्या पोराचा नवा चित्रपट आला. एकही रोबो उसना नाही, सगळे घरच्या डब्याझाकणांचे. खलनायकाला तोच तांब्यातला आवाज, आणि कॅमेरा आता सूनबाई धरते. मी बायकोला शेजारी बसवून तो दोनदा पाहिला. तबकडी शेवटपर्यंत अख्खी आहे.