आमच्यातला एक तिकडेच आहे

पुण्यात परत आल्यावर लोक सगळ्यात आधी थंडीबद्दल विचारायचे. कर्वेनगरच्या शाळेत मी पुन्हा मराठी शिकवायला लागले, तेव्हा स्टाफरूममधल्या एक बाई म्हणाल्या, "उत्तरेला म्हणजे किती उत्तरेला? काश्मीरसारखं का?" मी म्हटलं, त्या गावातून पाहिलं तर काश्मीर दक्षिणेलाच येतं. "मग राहिलात कशाला?" असं म्हणून त्यांनी पुढची वही ओढली.

राहिलो, कारण नवऱ्याला तिथे काम मिळालं होतं. नॉर्वेच्या अगदी वरच्या टोकाला, समुद्राकाठी एक छोटं गाव आहे. तिथे मासे साठवायचा कारखाना आहे आणि त्यातल्या थंड खोल्यांची यंत्रं माझा नवरा सांभाळायचा. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे अब्बांना, हे कधी पटलं नाही. "एवढ्या थंडीत माणसं पगारी नोकर ठेवून आणखी थंडी करून घेतात," ते म्हणायचे. "सुखी लोक दिसतात."

अब्बांचं सदाशिव पेठेत पुस्तकबांधणीचं दुकान होतं. आमचं घर भवानी पेठेत, पण त्यांचं आयुष्य गेलं सदाशिव पेठेतल्या प्राध्यापकांचे प्रबंध आणि जुन्या पोथ्या बांधण्यात, त्यामुळे त्यांचं मराठी अगदी पेठेतलं होतं. घरात सगळे दखनी बोलायचे, मीही. माझ्याशी मात्र ते मराठीतच बोलत. मी मराठीची शिक्षिका म्हणून त्यांनी माझ्या लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी तसं ठरवून टाकलं होतं. सासूबाई मी या घरात यायच्या आधीच गेल्या होत्या. आम्ही परदेशी निघालो तेव्हा अब्बा एकटे राहिले. मोठी नणंद हडपसरहून येऊन जाऊन त्यांच्याकडे बघायची.

त्या गावात मी पहिल्यांदा शिकले ते चालायला. बुटांना खालून लोखंडी दाते लावायचे, पाऊल सपाट टाकायचं, हात खिशात घालायचे नाहीत. मग भाषा शिकले, तुटपुंजी. त्यावर मला तिथल्या बालवाडीत मदतनिसाचं काम मिळालं. हिवाळ्यात तिथे अर्धा दिवस मुलांना कपडे चढवण्यात आणि उरलेला उतरवण्यात जायचा. कितीही थंडी असो, मुलांना बाहेर नेतातच. तीन वर्षांची पोरं अंधारात बर्फात लोळत असायची आणि मी डोक्याला दिवा लावून त्यांना मोजत उभी असायची. हिवाळ्यात जवळजवळ दोन महिने सूर्य उगवत नाही. दुपारी थोडा वेळ आभाळ निळसर होतं, तेवढाच दिवस.

शेजारच्या घरात एक म्हातारी बाई एकटीच राहायची. ती फार बोलायची नाही. पण पहिल्या हिवाळ्यात आमच्या दारातला बर्फ मी चुकीच्या बाजूला ढकलते आहे हे बघून ती स्वतःचं फावडं घेऊन आली आणि न बोलता दाखवून गेली. तेव्हापासून आमचं येणंजाणं सुरू झालं.

मराठी बोलायला तिथे कुणी नव्हतं. दर रविवारी अब्बांचा फोन यायचा, तेवढंच माझं मराठी. मी चुकून 'स्नो' म्हटलं की ते थांबवायचे. "बर्फ म्हण. फी घेऊन शिकवायचीस ना तू?"

तिसऱ्या हिवाळ्यात मला सातवा महिना लागला होता. जानेवारीतल्या एका पहाटे रक्त जायला लागलं. रुग्णवाहिका आली, मोठं हॉस्पिटल लांब होतं, तिथे पोचल्याबरोबर मला भूल देऊन ऑपरेशन केलं. मुलगा झाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो होता. मी शुद्धीवर आल्यावर मला खुर्चीवर बसवून त्याच्याकडे नेलं, काचेच्या पेटीच्या बाजूच्या गोल भोकातून मी हात आत घातला आणि त्याने माझं बोट धरलं. पकड होती त्याची. नवऱ्याने त्याच्या कानात अजान दिली, त्याचं नाव ठेवलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. कुणाची चूक नव्हती, हे डॉक्टरांनी आम्हाला पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि मला ते तेव्हाही पटलं होतं.

नवऱ्याने पुण्याला फोन लावला. अब्बा म्हणाले, "लवकर दफन करा. पोराला ताटकळत ठेवू नका."

पण जमीन गोठलेली होती. गावच्या दफनभूमीचं काम बघणाऱ्या माणसाने सांगितलं, आधी जमिनीवर तापवायचं यंत्र ठेवावं लागेल, वरून झाकावं लागेल, मग काही दिवसांनी खणता येईल. अब्बांना हे कसं सांगायचं, हे नवऱ्याला कळेना. शेवटी त्याने सांगितलंच नाही. मधले दिवस आम्ही घरात बसून होतो. आमचं मूल हॉस्पिटलच्या एका खोलीत होतं आणि गावाबाहेर एक यंत्र त्याच्यासाठी माती मऊ करत होतं.

त्याच माणसाने फोन करून विचारलं, "तुमच्यात डोकं कुठल्या दिशेला ठेवतात?" त्याने ते फार जपून विचारलं. नवऱ्याने मोबाइलवर किब्ल्याची, म्हणजे मक्केची दिशा काढली आणि तिथे जाऊन बर्फात बुटाने रेघ मारून दाखवली. तिथल्या सगळ्या कबरी समुद्राच्या बाजूने सरळ ओळीत आहेत. आमच्या मुलाची एकच तिरकी आहे.

गावात इमाम नव्हता. बस चालवणारा एक सोमाली माणूस होता, रोज सकाळी मी त्याच्याच बसने बालवाडीत जायची. तो आणखी चार जणांना घेऊन आला. त्याच्या बायकोने कफनाचं कापड पाठवलं होतं. दफनाच्या दिवशी मी घरीच थांबणार होते. आमच्याकडे बायका कब्रस्तानात जात नाहीत. गाडी निघताना त्या बसवाल्याने मागे वळून मला विचारलं, "तुम्ही येत नाही?" मी मान हलवली. तो म्हणाला, "आम्ही पाच जण आहोत फक्त. आईने यावं." मग मी कोट चढवला.

दुपारची निळसर वेळ होती. त्यांनी बर्फातच सतरंज्या टाकून जनाज्याची नमाज पढली. पांढरी पेटी इतकी लहान होती की नवऱ्याने ती एकट्यानेच उचलली. मग एकेकाने मिट्टी दिली, म्हणजे कबरीत तीन मुठी माती टाकली. नवऱ्याची झाल्यावर सगळे माझ्याकडे बघत थांबले. मी हातमोजा काढला. माती वरून गोठायला लागली होती, तिचे खडे झाले होते. ते पेटीवर पडल्याचा आवाज आला.

संध्याकाळी नवऱ्याने अब्बांना फोन करून सांगितलं, "झालं सगळं." तेवढंच. ते काय बोलले मला ऐकू आलं नाही. त्या दिवसानंतर नवऱ्याने या विषयावर एक शब्द काढला नाही, ना त्यांच्याशी, ना माझ्याशी. तो कामावर जायचा, यायचा, जेवायचा. मी काही बोलले की उठून भांडी घासायला लागायचा.

पुढच्याच आठवड्यात सूर्य परत आला. त्या दिवशी तिथे सण असतो. बालवाडीतली मुलं टेकडीवर जाऊन गाणी म्हणतात, बेकरीत मधोमध पिवळी मलई घातलेले गोड पाव मिळतात, लोक रस्त्यात थांबून उन्हाकडे तोंड करून उभे राहतात. मी खिडकीतून बघत होते. शेजारच्या बाईने दार वाजवलं नाही. नंतर कचरा टाकायला दार उघडलं तर कडीला एक पिशवी अडकवलेली होती. आत दोन पाव होते. आम्ही ते खाल्ले. नवऱ्याने त्याचा अर्धाच खाल्ला.

आणखी दोन वर्षं आम्ही तिथे काढली. हिवाळ्यात कबर बर्फाखाली जायची, म्हणून मी तिथे एक उंच काठी रोवली होती, वाट चुकू नये म्हणून रस्त्याकडेला रोवतात तसली. काठी बघून जायचं, फावड्याने बर्फ काढायचा, थोडा वेळ उभं राहायचं, परत यायचं. मग पुण्याहून नणंदेचा फोन आला. अब्बांना अर्धांगाचा झटका आला होता, उजवी बाजू गेली होती. नवरा एकुलता एक मुलगा. त्याने नोकरी सोडली. निघायच्या आदल्या दिवशी मी शेजारच्या बाईला दफनभूमीत नेलं आणि कबर दाखवली. ती म्हणाली, "मला माहीत आहे कुठे आहे. मी येत असते."

पुण्यात सगळे आम्हाला "बरं झालं, परत आलात" असं म्हणाले. त्या मुलाचा विषय कुणी काढला नाही. कुणी त्याला पाहिलं नव्हतं, त्यामुळे तो झालाच नव्हता असं धरून सगळे वागत होते. नणंद एकदा म्हणाली, "अल्लाह दुसरं देईल, आता ते डोक्यातून काढ." तिचं मन वाईट नव्हतं. मी डाळ निवडत राहिले.

अब्बा दिवसभर गॅलरीत खुर्चीत बसून असायचे. बोलताना जीभ थोडी जड व्हायची, पण टोमणे शाबूत होते. उजव्या हाताने आयुष्यभर पुस्तकं शिवली, तो हात आता मांडीवर पडलेला असायचा. शाळेतून आल्यावर मी त्यांना चहा द्यायची, बशीत ओतून, डाव्या हाताने पिता येईल असा. एका दुपारी चहा संपल्यावर त्यांनी बशी माझ्याकडे दिली नाही.

"बस," ते म्हणाले. "मला सांग, त्याचं दफन कसं झालं."

मी नवऱ्याच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"तो नाही सांगणार. मी दोनदा विचारलं. तू सांग."

मी सांगितलं. गोठलेली जमीन, ते यंत्र, थांबावं लागलं ते दिवस, बर्फात मारलेली रेघ, सगळं. बसवाल्याचं सांगताना मी अडखळले. अब्बा पाच वेळचे नमाजी, घरातल्या रीतीभाती कडक. तरी लपवावंसं वाटलं नाही. मी म्हटलं, "अब्बा, मी गेले होते तिथे. मी उभी होते."

"मिट्टी दिलीस?"

"हो."

त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. खाली भंगारवाला हातगाडी लावून कुणाशी तरी घासाघीस करत होता.

"बरं केलंस," ते म्हणाले. "मला वाटत होतं, माझं पोरगं एकटंच उभं होतं तिथे, कबरीपाशी. परक्या लोकांत. त्याच्या शेजारी घरातलं दुसरं कुणीच नव्हतं असं वाटत होतं मला." मग बशी पुढे केली. त्यांचे डोळे भरले होते, पण पुसायला हात उचलेपर्यंत वेळ लागला, म्हणून मीच माझ्या ओढणीने पुसले.

त्यानंतर अधूनमधून ते त्या मुलाचं नाव घ्यायचे. साधंच काहीतरी. आता तो शाळेत जायच्या वयाचा झाला असता, असं. घरात त्याचं नाव उच्चारणारे ते एकटेच होते, आणि ते ऐकायला मी शाळेतून लवकर घरी यायची.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीला अब्बा गेले. दुपारच्या नमाजनंतर त्यांना नेलं. गल्लीतली माणसं, पेठेतली जुनी गिऱ्हाइकं, निवृत्त प्राध्यापक, सगळे खांदा द्यायला आले होते. मी बायकांमध्ये घरीच बसले. कुणी मला 'या' म्हटलं नाही आणि मीही उठले नाही. पण माझी मूठ रिकामी आहे हे मला सारखं जाणवत होतं.

अब्बांचा चाळिसावा दिवस झाल्यावर एका रविवारी नवरा म्हणाला, "चल, खडकवासल्याला जाऊन येऊ." आम्ही स्कूटरवर गेलो. धरण भरलेलं होतं, कठड्यापाशी ही गर्दी. कणसं घेतली आणि जरा पुढे जाऊन, गर्दी कमी होती तिथे बसलो. तो कणीस खात नव्हता, नुसतं हातात फिरवत होता.

"तू शुद्धीवर नव्हतीस तेव्हा," तो म्हणाला, आणि थांबला. मी त्याच्याकडे न बघता पाण्याकडे बघत राहिले, कारण बघितलं असतं तर तो उठून गेला असता.

"तू शुद्धीवर नव्हतीस तेव्हा नर्सने मला त्याच्याजवळ बसवलं. म्हणाली, बोला त्याच्याशी, त्याला आवाज कळतो. मला काही सुचेना. मग मी त्याला घरापासून अब्बांच्या दुकानापर्यंतचा रस्ता सांगितला. कुठे वळायचं, कुठल्या चौकात सिग्नल आहे, कुठला पोलीस पकडतो. लहानपणी अब्बा मला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचे तो रस्ता. दुकान आलं की परत सुरुवातीपासून. किती वेळा सांगितला कोण जाणे."

"मला सांगितलं नाहीस कधी."

"अब्बांना सांगायचं होतं आधी," तो म्हणाला. "सांगू सांगू म्हणत राहून गेलं."

मग तो रडला. गुडघ्यांत डोकं घालून, आवाज न करता, पाठ हलत होती फक्त. शेजारून एक कुटुंब मुलांना ओढत गेलं, त्यांनी बघितलं आणि पुढे गेले. मी त्याच्या हातातलं कणीस काढून घेतलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळाने तो तोंड धुऊन आला, आणि आम्ही गर्दी वाढायच्या आत परत निघालो. सिंहगड रस्त्याला लागल्यावर मी मागून त्याला म्हटलं, मलाही सांग तो रस्ता. हेल्मेटमधून नीट ऐकू येत नव्हतं, तरी त्याने सांगायला सुरुवात केली.