डाव्या पायातली चप्पल

नांदेडला कॉलेजात इमर्जन्सी मेडिसिनच्या पहिल्याच तासाला सरांनी विचारलं, “फिट आलेल्या माणसाला काय हुंगायला द्यायचं?” कुणी कांदा म्हणालं, कुणी चप्पल, आणि वर्ग हसला. मी ताडकन उठून म्हणाले, “काहीच नाही, सर. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं आणि झटके किती वेळ चालतात ते घड्याळात बघायचं.” सर ‘शाब्बास’ म्हणाले. दिवसभर माझे पाय जमिनीवर नव्हते.

त्याच शनिवारी मी कंधारला घरी निघाले होते. बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवरच्या बाईला फिट आली, ती खाली पडली आणि हातपाय झटकू लागली. एक आजोबा ओरडले, “आरं, चप्पल द्या कुणीतरी!”

नको म्हणायला एक वाक्य पुरलं असतं. पण भोवती सगळी वडीलधारी माणसं, त्यांच्यापुढं मी काय बोलणार? मी वाकले आणि माझ्याच डाव्या पायातली चप्पल काढून दिली.

दोन मिनिटांत झटके आपोआप थांबले. “बघा, कसा गुण आला,” आजोबा म्हणाले. तेव्हाही मी गप्पच. स्वतःच्या थोबाडीत मारावी असं आजही वाटतं.

वाटेत लोहा गाव आलं तेव्हा बाई नीट भानावर आली. तिनं शेजारी पडलेली चप्पल उचलली, माझा उघडा पाय पाहिला, चप्पल पदरानं पुसली आणि माझ्यापुढं ठेवली.

“माझ्यापायी तुमाला लई तरास झाला, ताई,” ती म्हणाली.