खाऱ्या पाण्याची गाडी

ऐका. हे माझ्या नवऱ्यालाही माहीत नाही. तसं माझ्या पोटात काही राहत नाही — आमच्या राजोडीत कुणालाही विचारा. हे मात्र राहिलं. चार वर्षं राहिलं.

एका गाडीची गोष्ट आहे. आमची नव्हे हो, आमच्या दारात स्कूटर! गाडी बंगल्यातल्या शेठची. इटालियन, दोन दरवाज्यांची, लांब नाकाची, गर्द निळी, स्टिअरिंग डाव्या बाजूला. शेठच्या वडिलांनी मुंबईतल्या कुण्या परदेशी साहेबाकडून घेतलेली. लांबचे प्रवास ऐटीत करायला बनवलेली म्हणे. इथे ती बंगल्याच्या शेडमधून जवळच्या अर्नाळ्यापर्यंत जायची आणि परत यायची. पण काय दिसायची! खोटं कशाला बोलू, माझाही जीव होता तिच्यावर.

दिसायची ती माझ्या बाबांमुळे. बाबा मूळ होड्यांच्या इंजिनांचे मिस्त्री. तीस वर्षं त्यांनी ती गाडी सांभाळली. सुटा भाग मिळेना, की गोखिवऱ्याच्या लेथवाल्याकडे दिवसभर बसून तसाच बनवून आणायचे. पैसा त्यांच्याकडे कधी नव्हता, शिक्षण नव्हतं. नाव होतं. हरेश्वर मिस्त्रीनं हात लावलाय म्हणजे बघायला नको — या एका वाक्यावर तो माणूस जगला.

आणि गाडी धुण्याचा त्यांचा एक नियम होता. समुद्राजवळच्या आमच्या विहिरी उन्हाळ्यात खाऱ्या होतात. म्हणून बाबा आधी बादलीतलं पाणी ओंजळीत घेऊन चाखायचे. जराही खारट लागलं, की ओतून द्यायचे आणि टँकरच्या गोड्या पाण्याची वाट बघत बसायचे. त्यांची कंबर गेली तेव्हा रविवारचं धुणं माझ्याकडे आलं. ते शेडच्या पायरीवर बसून दर वेळी विचारायचे, “पानी चाखलंस ना गो?”

मग मुंबईत ते जुन्या गाड्यांचं प्रदर्शन झालं. शेठला कप मिळाला. माईकवाल्यानं विचारलं, इतकी छान कोण ठेवतं हिला? बाबा तिथेच, बॉनेटपाशी, हातात फडकं घेऊन उभे. मी त्यांच्या शेजारी. शेठ हसला. “मीच की! रविवारी हात काळे केल्याशिवाय आपल्याला जेवण जात नाही.” टाळ्या पडल्या. बाबांनीसुद्धा वाजवल्या — फडकं काखेत धरून! मग फोटोची वेळ आली, तेव्हा शेठनं नुसतं बोट हलवलं. “हऱ्या, बाजूला हो.” त्याच्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या माणसाला!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. येताना बाबा म्हणाले, जाऊ दे गो, गाडी चमकली ना? जाऊ दे? का म्हणून जाऊ दे?

आता मुद्द्यावर येते. केव्हाची येतेय, पण जीभ अडखळते.

मी पाणी चाखणं सोडलं नाही. चाखायचेच. खारं निघालं, की तेच ठेवायचे. वरून नाही वापरलं — रंगाला काही झालं असतं तर बाबांनी लांबूनच ओळखलं असतं. दरवाजा उघडला की पायाखाली पत्र्याची एक पट्टी असते, आतून पोकळ. पाणी निघून जायला तिला खालून भोकं असतात. ती भोकं मी मेणबत्तीच्या मेणानं बुजवली. आणि बाबा पायरीवर येऊन बसायच्या आधीच नळीनं खारं पाणी आत सोडत राहिले. वरून गोडं पाणी, पॉलिश, सगळं नेहमीसारखं. दोन उन्हाळे! बाबा विचारायचे, पानी चाखलंस ना? मी म्हणायचे, हो बाबा. आणि मनात — घे शेठ, कर आता हात काळे. मजा वाटायची का? वाटायची. भारी वाटायची.

पुढे शेठचं मुलाकडे परदेशी कायमचं जायचं ठरलं आणि गाडी विकायला निघाली. जाहिरात मोबाईलवर आली. ‘क्लासिक इटालियन गाडी, उत्तम निगा, मालकाने स्वतः जिवापाड जपलेली.’ स्वतः! मी म्हटलं, येऊ दे गिऱ्हाईक.

गिऱ्हाईक पुण्याहून आलं, सोबत एक म्हातारा जाणकार. इंजिन ऐकून तो खूश झाला. मग खाली वाकला, स्क्रूड्रायव्हरचं टोक त्या पट्टीला लावलं — आणि ते आतच गेलं. गंजाचा भुगा फरशीवर सांडला. दुसऱ्या बाजूलाही तेच. “आतून पार सडलीय,” तो म्हणाला. “कोण बघत होतं हिला?”

मी शेठच्या तोंडाकडे बघत होते. दोन वर्षं ज्याची वाट बघितली ते तोंड! उतरलं हो, पार उतरलं. मला इतका आनंद झाला की हसू लपवायला पदर तोंडाला लावावा लागला. आणि तेवढ्यात शेठनं बाबांकडे बोट केलं. “हे हरेश्वर मिस्त्री. सगळं हेच बघतात. मी तर हातही लावत नाही.”

बाबा खाली बसले. कंबर धरून, कसेबसे. त्या भोकात बोट घालून बघत राहिले. मग उठून त्यांनी शेठपुढे हात जोडले. “चुकी माझी, शेठ. भोकं बुजली ती माझ्या ध्यानात आली नाय. पोरीला काय बोलू नका, ती फक्त धुते.”

एक वाक्य पुरलं असतं. ‘मी केलं.’ दोनच शब्द की! शेठला भीत होते का मी? छे, त्याला तर तोंडावर सांगायला मला आवडलं असतं. बाबा माझ्याकडे कसे बघतील, त्याला भ्यायले. म्हणून त्यांना हात जोडू दिले. मी उभी होते, दोन हातांच्या अंतरावर.

गाडी शेवटी कुणीतरी मातीमोल भावानं टेम्पोत घालून नेली. शेठ गेला. त्याचं मला आजही काडीचं वाईट वाटत नाही. पुन्हा संधी मिळाली तरी त्याला सोडणार नाही. पण गावात बोललं जातं — हरेश्वर मिस्त्रीच्या हाताखाली गाडी सडली. बाबांनी हत्यारांची पेटी माळ्यावर टाकली.

परवा मी त्यांच्याकडे गेले होते. शेजारच्या स्टीफनच्या होडीचं इंजिन बंद पडलेलं, तो बोलवायला आला. बाबा ओट्यावरून म्हणाले, “दुसऱ्या कुणाला दाखव रे. माझ्या हाताचा आता भरवसा नाय.” मी आत भांडी घासत होते. नळ चालू होता, तरी शब्द न् शब्द ऐकू आला.

मी भांडी घासत राहिले.