मॅक्रोने गिळलेली तक्रार

मुलांनो, थोरलीला वेबसाइट बनवण्याची नोकरी लागल्याचं काल कळलं. ती कामाला लागण्याआधी हे लिहून टाकते, कारण माझा संताप अजून उतरलेला नाही.

निवृत्तीपूर्वी मी महाप्याच्या एका कंपनीत होते. दवाखान्याच्या वेळा घ्यायची वेबसाइट आम्ही सांभाळायचो. तिचं एक बटण तपासायचं तरी आधी खोटा सर्व्हर उभा करा, पान मांडा, शेवटी सगळं आवरा. या कटकटीपायी कुणी चाचण्या, म्हणजे बटण तपासणारा कोड, लिहीत नसे. म्हणून मी एक मॅक्रो केला. पान, बटण आणि काय व्हायला हवं, एवढंच एका ओळीत लिहायचं. त्या ओळीचा लांबलचक कोड संगणक स्वतः तयार करी. मग मात्र सगळे चाचण्या लिहू लागले.

एकदा नवी आवृत्ती द्यायच्या दिवशी ‘वेळ बदला’ या बटणाची चाचणी नापास झाली. मी जेवून आले तर सगळीकडे हिरव्या खुणा, म्हणजे सगळ्या चाचण्या पास.

“बटण दुरुस्त केलंस?” मी टीम लीडला विचारलं.

“सगळं हिरवं आहे ना मॅडम? टेन्शन कशाला घेता?”

दुसऱ्या दिवशी नेरूळहून एका बाईंचा फोन आला. नवऱ्याच्या डायलिसिसची वेळ त्यांनी बदलली होती. जुनी वेळ गेली, नवी मिळालीच नाही. नवरा दवाखान्याच्या दारात ताटकळत बसला होता. दवाखान्याला विनवण्या करून मी त्याला कशीबशी जागा मिळवून दिली आणि मॅक्रो उघडला. चाचणी नापास झाली तर तक्रार गिळून टाक, अशी ओळ कुणीतरी त्यात घातली होती. त्या एका ओळीने सगळ्याच चाचण्या मुक्या झाल्या होत्या.

“तुमच्या मॅक्रोमुळेच सोपं गेलं, मॅडम,” टीम लीड हसून म्हणाला.

“हसतोस काय? तो माणूस तिथे दारात बसून होता!”

मीटिंगमध्ये साहेबांनी मॅक्रोवर खापर फोडलं आणि तोच काढून टाकायला सांगितलं. टीम लीडला कुणी चकार शब्दाने विचारलं नाही.

मॅक्रो नुसता पुसला असता तर चाचण्याही गेल्या असत्या. म्हणून मी आधी ती ओळ काढली. मग प्रत्येक चाचणीचा पूर्ण कोड संगणकाकडून करून घेतला, जागच्या जागी ठेवला आणि मगच मॅक्रो पुसला. ‘वेळ बदला’ पुन्हा लाल झालं. आता टीम लीडला बटण दुरुस्त करावंच लागलं.

मॅक्रो गेला. चाचण्या अजून तिथे आहेत आणि बटण बिघडलं की नापास होतात.