देवी गाडीत, गाडी वाळूत

मुलांनो, गाडीच्या चाकांत हवा किती भरावी ते पुस्तकात छापलेलं असतं. तरी येरळा नदीच्या कोरड्या पात्रात त्या पुस्तकावरचा आणि देवीवरचा, माझ्या दोन्ही विश्वासांची एकदमच परीक्षा झाली. अजून आठवलं की मी खुर्चीतून उठून उभी राहते!

एकोणीसशे सत्तरनंतरची गोष्ट. आमच्या गावच्या देवळासाठी देवीची नवी पाषाणमूर्ती घेऊन मी सांगलीहून गाडी हाकत निघाले होते. जुनी मूर्ती भंगल्यापासून माझ्या सासूबाई (त्यांना मी आत्याबाई म्हणे) कित्येक वर्षं रोज रिकाम्या चौथऱ्यापुढे मान खाली घालून दिवा लावत. दुपारी प्रतिष्ठापनेचा मुहूर्त होता. तुमचे आजोबा सोवळं नेसून तिकडे पूजेला बसलेले. मूर्ती मागच्या सीटवर गोधड्यांत, तिला धरून आत्याबाई. एकदा निघालेली देवी चौथऱ्याखेरीज कुठेही टेकवायची नाही, हा आमचा रिवाज. ओझं जास्त म्हणून मी मागच्या चाकांत नेहमीच्या चोवीसऐवजी तीस पौंड हवा भरली होती. हवा मोजायचा काटा पर्समध्ये घेतला, पण जागा हवी म्हणून पंप मात्र घरीच ठेवला.

नदीवर पूल नव्हता. पात्राच्या मधोमध ती टणक चाकं रुतली. जोर लावावा तेवढी आणखी खोल. उपाय मला ठाऊक होता. हवा कमी केली की टायर पसरतो आणि वाळू धरतो. पण पलीकडे गावापर्यंत खडीचा रस्ता. एवढ्या ओझ्याखाली मऊ टायर फाटलेच असते, आणि देवी उतरवायची सोय नव्हती.

"हवा सोडली तर निघू, आत्याबाई. पण पुढं भरायला पंप नाही."

"मग हितं बसून पंप येनार हाय व्हय? सोड! समदं तूच करनार, मग तिला काय काम?"

मी देवीला हात जोडले, वाळूत गुडघे टेकले आणि हवा सोडली. काटा चौदावर आला. पहिल्या गिअरमध्ये क्लच अलगद उचलला. गाडी थरथरली आणि चालू लागली!

"थांबू नगंस गं, थांबू नगंस!" आत्याबाई मूर्तीला मिठी मारून ओरडत होत्या.

काठ चढले आणि पाहते तर काय! बाभळीखाली रबरी चाकांची बैलगाडी उभी, आणि एक अनोळखी शेतकरी हातपंपानं तिच्या चाकांत हवा भरतोय! मी काही बोलायच्या आत तो आमच्या गाडीत डोकावला.

"आई, लय उशीर केलास," तो देवीलाच म्हणाला. मग माझ्याकडे वळला, "बाई, तुमी काटा बगा, मी हवा मारतो."

तीस झाल्यावर मी थांबवलं. देवळात या म्हटलं, तर हसला. "तीच हितं आली न्हवं? झालं की!" त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

मुहूर्ताला देवी चौथऱ्यावर बसली. आत्याबाईंनी दिवा लावला आणि इतक्या वर्षांनी, दिवा लावून झाल्यावर, मान वर करून पाहिलं.

हवा मी आजही काट्यावर मोजूनच भरते. तुम्हीही तसंच करा. पण कधी वाळूत रुतलात, तर पुढच्या रस्त्याची हमी मागत बसू नका. हात जोडा, गुडघे टेका आणि सोडा.