आक्काच्या काचेतला रंग

दवाखान्यातून फोन आला तेव्हा आई मागावर बसली होती. आक्का गेली, एवढंच पलीकडून सांगितलं. वडगावच्या आमच्या घरात आता एकच हातमाग उरलाय आणि आई तो हट्टानं चालवते. मी शाळामास्तर, दिवसभर बोलून पोट भरणारा माणूस. पण त्या दिवशी दारात उभा राहून तिला ‘थांब’ म्हणू शकलो नाही. धोटा इकडून तिकडं जात होता, मी नुसता बघत होतो... शेवटी तिनंच वळून माझं तोंड पाहिलं.

सुलभाआक्का माझी थोरली बहीण. विणकराची ही पोर विद्यापीठात द्रव-स्फटिकांवर संशोधन करायची. मोबाइलच्या पडद्यात असतं तसलं काहीतरी, असं सांगून आम्ही पाहुण्यांना वाटेला लावायचो. एकदा मी हटून बसलो, तेव्हा तिनं आईच्या ताण्यावर हात ठेवला. “पदार्थ पाण्यासारखा वाहतो, पण त्यातले लांबट रेणू या सुतागत एकाच दिशेनं ऱ्हातात. नुसत्या उजेडानं त्यांना वळवायचं तर उजेड लई जोराचा लागतो. चिमूटभर रंग मिसळला की मंद उजेडानं बी वळतात.”

“तापत असतील,” मी शहाणपणा केला.

“तेवढ्यानं न्हाय रं. रंगाचा रेणू उजेड पितो, मग शेजाऱ्यांशी त्याचं वागणंच बदलतं आणि ते वळतात. एखादा रंग एकीकडं वळवतो, दुसरा बरोबर उलट. असं का, तेच तर बघायचंय!”

हे बोलताना ती आजारी आहे हे आम्ही विसरायचो. मूत्रपिंडं निकामी होत चालली होती, आणि आमच्या हातात दवाखान्याच्या बाकावर बसण्यापलीकडं काही नव्हतं. त्यातच एका नव्या रंगानं तिच्या अंदाजाच्या अगदी उलट बाजूला रेणू वळवले. खरंच तसं होतंय की आपली चूक, हे तिला आणखी एकदा पाहायचं होतं. रंगाचा कण तेवढाच उरलेला. तो घालून तिनं एक काच भरली. काच म्हणजे दोन तुकडे, मध्ये केसाएवढी फट. कडांना गोंद लावायचा राहिला होता. प्रयोगशाळेला दसऱ्याची सुट्टी, म्हणून ती डबीतून घरी घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आईनं माग धुतला, धोटा, कात्री पाटावर मांडली. आक्का झोपली होती. तिचं हत्यार तेवढं बिनपूजेचं कसं ठेवायचं, म्हणून आईनं ती काचही पाटावर ठेवली आणि ओल्या बोटानं हळद-कुंकू लावलं. कडेवर, काच झाकली जाऊ नये म्हणून! फटीनं ते लाल पाणी आत ओढून घेतलं.

आक्कानं काच उचलून खिडकीशी धरली. मी तिचा चेहरा पाहिला आणि समजलो.

“बरं केलंस आई,” ती म्हणाली.

स्वयंपाकघरात मात्र माझा हात घट्ट धरला. “आईला सांगू नगंस. दुसरी करायला रंग न्हाय, आणि हात बी थरथरत्यात...” मी म्हणालो, बघू, मिळेल. कुठून मिळणार होता, मला काय ठाऊक! मला भयंकर राग आला होता आणि तो काढायला समोर कुणीच नव्हतं.

तिच्या दिवसकार्यानंतर तिचे एक सहकारी भेटायला आले. आईनं देव्हाऱ्यातून काच आणली, पदरानं पुसली आणि त्यांच्या हातात दिली. “पोरीचं शेवटचं काम हाय. रोज पूजा केली म्हनून नीट ऱ्हायलंय.” त्यांनी काच उजेडात धरली, माझ्याकडं पाहिलं. मी आईच्या पाठीमागून ‘नको’ अशी मान हलवली. “हो, नीट आहे,” ते म्हणाले आणि रुमालात गुंडाळून घेऊन गेले.

आता रोज संध्याकाळी मी शाळेतून आलो की आई माग थांबवते.

“आलं का रं उत्तर? कुठल्या अंगाला वळलं?”

“वेळ लागतो आई,” मी सांगतो.

“लागू दे की,” म्हणते आणि पुन्हा धोटा हातात घेते.