चालू गाडीचं तेल

माझा डावा पाय लहानपणीच पोलिओने नेला. उजवा ठणठणीत आहे आणि ऑटोमॅटिक गाडीला तेवढा पुरतो. म्हणून ही जुनी गाडी मी कुणाचं न ऐकता घेतली. राहते चौलला, शिकवते खाडीपलीकडच्या शाळेत. गाडी येण्याआधी कितीतरी वर्षं कुणाच्या ना कुणाच्या मागच्या सीटवर बसून गेले. 'बाई, आज जरा उशीर होईल हं,' हे ऐकून कान किटले होते.

तर ही गाडी गेल्या वर्षी रुसली. गिअर टाकला की क्षणभर नुसती उभी, मग हिसका देऊन निघायची. पुलाच्या चढावर तर इंजिन बोंबलायचं आणि गाडी पुढे सरकायची नाही. एकदा मागून एसटी हॉर्नवर हॉर्न देत होती, तरी मी चारी दिवे लावून तिथेच थांबले. रेटली नाही. धाडसच झालं नाही, खरं सांगते.

शेजारच्याच घरात माझा थोरला भाऊ राहतो. दादाने गाडी अलिबागच्या एका गॅरेजला दाखवली. गिअरबॉक्स गेला, विकून टाका, असा निकाल घेऊन आला आणि दोन दिवसांत गिऱ्हाईकही शोधलं. मीच तुला सोडत जाईन, म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला हो. प्रेमाने दिलेली मागची सीट नाकारायची तरी कशी?

रेवदंड्याला होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा एक मेस्त्री आहे, तो गाड्याही बघतो. दादाला न विचारता मी हळूहळू सपाट रस्त्याने त्याच्याकडे गेले. आजवर ज्याने त्याने आधी चावी मागितली होती. याने मागितली नाही. बाजूला बसला आणि म्हणाला, "बाई, तुमीच चालवा. रोज तुमीच चालवता, तिचं काय बिघडलंय ते तुमालाच ठाव."

गार असताना कशी, तापल्यावर कशी, वळणावर काय करते, पुलाच्या चढावर मी काय केलं, सगळं विचारून घेतलं. परत आल्यावर इंजिन चालूच ठेवायला लावलं, गिअरचा दांडा एकेका खुणेवरून फिरवून घेतला आणि मग गिअरबॉक्सचं तेल मोजायची पट्टी उपसली. टोकाला जेमतेम ओल. मी तडकलेच. म्हटलं, दर रविवारी मी स्वतः बघते, तेल खुणेपर्यंत असतं.

"गाडी बंद ठेवून?"

"मग काय चालू ठेवून?"

"व्हय. इंजिनचं बंद ठेवून, हिच्या गिअरबॉक्सचं चालू ठेवून. बंद केली की वरचं तेल खाली उतरतं, नि पट्टी खोटं बोलते."

इतकी वर्षं! 'प्रश्न नीट वाचा' म्हणून पोरांच्या कानीकपाळी ओरडणारी मी, आणि माझीच ही गत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्याने तेल बोटावर घेऊन हुंगलं. जळका वास नव्हता, रंग अजून लालसर होता, म्हणजे आतलं काही जळलेलं नाही, म्हणाला. मग गाडीखाली शिरला. गिअरबॉक्सचं तेल रेडिएटरकडे नेणारी बारीक नळी खाऱ्या हवेने गंजून थेंब थेंब गळत होती. आमच्या वाळूच्या अंगणात तो थेंब कुणाला दिसणार! त्याने नळी बदलली. तेल कुठलंही चालत न्हाय म्हणून नेमकं तेच अलिबागहून मागवलं आणि थोडं थोडं ओतत दर वेळी पट्टी माझ्या हातात दिली. इंजिन चालू ठेवून.

तेवढ्यात दादा रिक्षाने शोधत आलाच. काय झालं होतं, असं त्याने मेस्त्रीला विचारलं. मी मान खाली घातली. आता माझा रविवार चव्हाट्यावर येणार.

मेस्त्री हात पुसत म्हणाला, "नळी गंजली व्हती. बाईंनी चढावर रेटली न्हाय, थांबवली, म्हनून गिअरबॉक्स वाचला."

बस्स, एवढंच. त्यात एक शब्द खोटा नव्हता. त्या माणसाचे उपकार मी जन्मात विसरणार नाही, आणि ते नळीबद्दलचे नाहीत.

परतीला दादा माझ्या शेजारी बसला. मी मुद्दाम पुलाकडे वळवली. चढाला लागलो तेव्हा पट्टीची गोष्ट मीच सांगून टाकली. पोरांना चूक कबूल करायला लावते, मग मला काय धाड भरली होती? गाडी हूं की चूं न करता वर चढली. दादा पोट धरून हसला. मग फोन काढला आणि त्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "गाडी विकायची नाही. बहिणीला रोज लागते."